कॅसेट शौचालय : सफाई आणि निगा

कॅरावान (गाडीमागे जोडून न्यायचे फिरते घर), मोटारहोम (राहायची सोय असलेली मोटार) किंवा लहान होडीत बसवलेले, गटाराला न जोडलेले आणि खालची मैलाटाकी, म्हणजेच कॅसेट, बाहेर काढून रिकामी करता येते असे शौचालय. हातात उचलून कुठेही ठेवता येणारा सुटा, दोन टाक्यांचा प्रकारही याच कुळातला. दोन्हींत वर फ्लशच्या पाण्याची सोय, खाली मैलाटाकी आणि मध्ये सरकती झडप असते. मोठ्या मोटारहोममध्ये फ्लशचे पाणी गाडीच्या मुख्य टाकीतूनही येते. सुट्या शौचालयाची मैलाटाकी साधारण १० ते २१ लिटरची, तर गाडीत बसवलेल्या कॅसेटची १७ ते २० लिटरची असते. भरलेली कॅसेट वीस किलोच्या वर जाते, म्हणून मोठ्या कॅसेटला चाके आणि ओढायची दांडी देतात.

या साधनाचे पूर्वज म्हणजे ब्रिटनमधील रासायनिक शौचालये. त्यांतले एल्सन कंपनीचे शौचालय दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांतही होते. ब्रिटनमधल्या कॅरावान तळांवर मैला ओतण्याच्या जागेला आजही अनेकजण ‘एल्सन पॉइंट’च म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६३ साली सुरू झालेल्या थेटफर्ड कंपनीच्या ‘पोर्टा पॉटी’ने सुटा प्रकार घरोघरी नेला. आज या बाजारात थेटफर्ड आणि स्वीडनची डोमेटिक ही नावे सर्वाधिक दिसतात.

वापराआधी मैलाटाकीत दोन-तीन लिटर पाणी आणि दुर्गंधी रोखणारा रासायनिक द्रव त्याच्या बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालतात. पाण्याचा हा थर नसेल तर पहिला मैला कोरड्या तळाला चिकटतो आणि पुढे कितीही विसळले तरी सुटत नाही. खालच्या टाकीचा द्रव निळा किंवा हिरवा असतो, वरच्या फ्लशच्या पाण्यात घालायचा गुलाबी. निळ्या द्रवात परंपरेने फॉर्मल्डिहाइड असे. ते जिवाणू मारून दुर्गंधी थांबवते, पण हेच पाणी सेप्टिक टँकमध्ये गेले तर तिथले उपयोगी जिवाणूही मरतात आणि टाकीचे काम मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. त्यानंतर युरोपात हिरव्या, त्याविना बनवलेल्या द्रवांकडे कल वाढला. जर्मनीत रसायनाऐवजी बारा व्होल्टचा लहान पंखा बसवून टाकीतली हवा कार्बनच्या गाळणीतून बाहेर सोडण्याची पद्धतही चांगलीच रुळली आहे.

वास आला की बाटलीतले माप वाढवायचे, हा सर्वत्र आढळणारा गैरसमज आहे. वास बहुधा टाकी वेळेवर रिकामी न केल्याने, उन्हात तापल्याने किंवा झडपेची रबरी कडा कोरडी पडल्याने येतो. उन्हाळ्यात टाकी अर्धी असली तरी दोन-तीन दिवसांत ओतावी. लवकर विरघळणारा कागद वापरावा. ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड टाकीत जाऊ देऊ नयेत; ते ओतण्याच्या नळीत अडकतात आणि मग हात घालण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

ओतण्याचे तंत्र मात्र नीट शिकावे लागते. हातमोजे घालून, झडप बंद आहे याची खात्री करून कॅसेट बाहेर काढतात. नळी फिरवून तिचे टोपण काढायचे, टाकी हळूहळू वाकवायची आणि नळी पूर्ण खाली वळल्यावरच अंगठ्याने हवेचे बटण दाबायचे. बटण दाबले नाही तर टाकीत हवा शिरायला वाट मिळत नाही, मैला गडगड करत उसळतो आणि शिंतोडे उडतात. नळी खाली वळण्याआधी दाबले तर त्याच बटणातून गळते. नंतर थोडे पाणी घेऊन टाकी हलवून दोन-तीनदा विसळतात. कॅरावान तळावर विसळण्याचा नळ आणि पिण्याचा नळ वेगळे असतात. पिण्याच्या नळाखाली कॅसेट धरणाऱ्याला शेजारी बोलतात, आणि बरोबरच बोलतात. सुट्या प्रकारात आणखी एक खोड असते: घाट चढून गेल्यावर बंद टाकीत दाब साठलेला असतो. झाकण मिटलेले ठेवून आधी झडप एकदा उघडून बंद करावी आणि मगच बसावे.

खरी निगा लागते ती झडपेच्या रबरी कडेला. ही कडा वाळली की झडप ओढताना रबर चुरगळते, पुढे चिरते, आणि मग गळती व वास दोन्ही सुरू होतात. धुऊन पुसल्यावर तिच्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारतात. व्हॅसलीन लावू नये, असे उत्पादक बजावतात, कारण त्याने गळती होऊ शकते. घरगुती ब्लीचने रबर आणि प्लॅस्टिक दोन्हींची हानी होते. शिवाय ब्लीच आणि मूत्रातील अमोनिया यांच्या संयोगातून श्वासाला घातक वायू निघतो. जड पाण्याच्या प्रदेशात टाकीच्या भिंतींवर मूत्रक्षारांचा पांढरट-पिवळा थर बसतो. तो काढायला अनेकजण लिंबूसत्व पाण्यात विरघळवून काही तास टाकीत ठेवतात. टाकी भरल्याचे सांगणारा तरंगता दर्शक अडकला तर बहुतेकदा कारण हाच थर असतो.

पाण्याने धुण्याची सवय असलेल्या कुटुंबांसाठी ही टाकी लहानच ठरते. दरवेळी लिटरभर पाणी गेले तरी चौघांची वीस लिटरची टाकी एका दिवसात भरते. न्यूझीलंडमध्ये भाड्याने मोटारहोम घेणाऱ्या मराठी प्रवाशांनी मैला ओतण्याची ठिकाणे नकाशावर आधीच पाहून ठेवलेली बरी. तिथल्या २०२३ च्या कायद्याने स्वयंपूर्ण (पाणी आणि मैला गाडीतच साठवणाऱ्या) गाडीच्या प्रमाणपत्रासाठी पक्के बसवलेले शौचालय आवश्यक केले आहे. सुटे शौचालय पुरत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरावान पर्यटन धोरण जाहीर केले. राज्यात शहरांबाहेर सेप्टिक टँकच अधिक, त्यामुळे इथे हिरवा द्रवच योग्य. कॅसेट नदीत, ओढ्यात किंवा रस्त्याकडेच्या गटारात रिकामी करणे कुठेच क्षम्य नाही. युरोपात कॅसेट ज्याची, ओतणाराही तोच. भाड्याच्या गाडीबरोबर मदतनीस येतो म्हणून आपल्याकडे ते काम त्याच्या गळ्यात पडू नये.

हंगाम संपला की दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुतात आणि फ्लशचा पंप कोरडा होईपर्यंत चालवतात. थंड देशांत आत राहिलेले पाणी गोठून पंप आणि नळ्या फुटतात. टोपण काढून टाकी वाळू देतात, रबराला सिलिकॉन लावतात आणि झडप किंचित उघडी ठेवतात. महिनोन्‌महिने बंद राहिलेली झडप रबराला चिकटते आणि पुढच्या हंगामात पहिल्याच ओढीला कडा फाटते. कडा फाटली तर कॅसेट बदलावी लागत नाही. बहुतेक प्रकारांत रबर सुटे मिळते आणि हाताने बसवता येते.