वर टिकलीएवढी खूण, आत सुटलेले पापुद्रे

चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहिलं की पवनचक्कीच्या पात्यांची घरघर पोटात जाणवते. ही पाती म्हणजे मुख्यतः काचेच्या धाग्यांचं कापड, थरावर थर ठेवून राळेत मुरवलेलं. साताऱ्यातल्या एका फायबरच्या वर्कशॉपमध्ये अशीच थरांची, रंग दिलेली फळी पाहिली. तिच्यावर पाना पडला होता. वर टिकलीएवढा खळगा, बाकी सगळं गुळगुळीत. कारागिराने रुपया काढला आणि माठ घेताना वाजवून बघतात तसा फळीवर टिचकवत निघाला. टण, टण, टण… आणि खळग्यापासून चार बोटं लांब असतानाच बद्द! "इथनं पापुद्रा सुटलाय, सर," म्हणत त्याने पेन्सिलने रेघ ओढत नेली. रेघ पुरी झाली तेव्हा तळहाताएवढा भाग तिच्या आत होता.

तेच धागे, तीच राळ, थरही तेवढेच. नुसता थरांचा क्रम बदलला तरी त्याच पान्याने होणारं नुकसान बदलतं. मला या विषयातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

थर धाग्यांच्या दिशेने ताठ, आडव्या अंगाने कच्चा. ओंडका रेषेत पटकन फुटतो, आडवा फोडायला गेलं की कुऱ्हाडीला दाद देत नाही, तसंच हे. म्हणून थर 0, 45, 90 आणि उणे 45 अशा वेगवेगळ्या अंशांत लावतात. पण घाव बसून फळी वाकते तेव्हा वेगळ्या दिशेचे शेजारी थर आपापल्या तऱ्हेने वाकू बघतात, आणि दोघांना धरून ठेवायला मध्ये फक्त राळ असते. थरातली राळ तडकते, तड पुढच्या थरापाशी येते, तिथले धागे तिची वाट अडवतात. मग ती वळते आणि दोन थरांमधून पसरत जाते. सुटलेला भाग बहुधा दोनदाणी भुईमुगाच्या शेंगेसारखा असतो, खालच्या थराच्या धाग्यांच्या दिशेने लांबट. दोन थरांच्या दिशांमध्ये फरक जितका जास्त, तितकी शेंग मोठी. दिशा एकच असेल तर तिथे शेंग जवळपास होतच नाही.

मग एका दिशेचे थर एकत्रच ठेवले तर? इथेच फसायला होतं. 16 थरांची फळी घ्या. काचेऐवजी कार्बनचे धागे असतील तर एक थर साधारण 0.125 मिलिमीटर, म्हणजे सगळी फळी 2 मिलिमीटर. चार दिशांचे थर दोन-दोनच्या जोड्यांनी, मधोमध आरसा धरल्यासारखे लावले, तर दिशा बदलणाऱ्या सीमा 6. तेच थर सुटे करून मिसळले, तर 14. सीमा कमी म्हणजे नुकसान कमी, असं वाटतं, होतं उलटं. जाड गठ्ठ्यात राळ लवकर तडकते आणि घावाचा सगळा जोर त्या मोजक्या सीमांवर येतो, म्हणून शेंगा मोठ्या होतात. मिसळलेल्या रचनेत तो वाटला जातो.

मोठी शेंग घातक का, ते फळी दाबल्यावर कळतं. सुटलेले पातळ पापुद्रे एकेकटे बाहेर फुगतात आणि फळी तिच्या मूळ ताकदीच्या कितीतरी आधी मोडते. ओढताना एवढा फरक पडत नाही.

त्या कारागिराने खराब भाग पायऱ्या-पायऱ्यांनी घासला, तसे कांद्यासारखे गोल थर उघडे पडले. मग कापडाचे तुकडे कापताना प्रत्येकावर त्याने धाग्यांच्या दिशेचा बाण काढला, आणि एकेक तुकडा फिरवून खालच्या थराच्या रेषेशी ताडून पाहत बसवला.