भरतीची रेघ आणि फेकलेले आकडे : पार्श्वभूमी

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे कोकणात पोरांनाही पाठ असतं. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे वरखाली होणाऱ्या आकड्यांतून सरळ रेघ काढायचं काम आपल्या दर्यावर्दी लोकांनी कागदाशिवाय केलंय. चंद्राच्या हिशोबाने तिथीमागे ४८ मिनिटं पडतात, पाऊणपटीत ४५ धरलीत, पंधरा तिथींत पाऊण तासाची तूट येते, पण होडी काढायला तेवढं चालतं.

छापील इतिहासात १८०५ साली लीस्ट स्क्वेअर्स आलं, म्हणजे रेघ आणि आकडे यांतल्या फरकांच्या (चुकांच्या) वर्गांची बेरीज कमीत कमी राहील अशी रेघ काढायची पद्धत. ते आधी कोणाला सुचलं यावर वाद आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच मुद्दा, की या चुकांचा वर्गच का करायचा? वर्ग न करता, अधिक-उणे न बघता, नुसत्या चुकांची बेरीज कमीत कमी ठेवायची पद्धत १७५७ पासून होती. वर्ग टिकला कारण त्याची समीकरणं हाताने सुटायची. पण त्याची किंमत मोठी आहे. हर्णैच्या धक्क्यावर पट्टी लावून मी दर दहा मिनिटांनी पाणी मोजत होतो, एक ट्रॉलर जवळून गेला आणि त्या वेळचं रीडिंग २० सेंटीमीटरने चुकलं. एरवी चूक २ ची, तिचा वर्ग ४, आणि या एकट्याचा ४००! अख्खी रेघ त्याच्याकडे ओढली जाते.

मग १८५२ मध्ये असे आकडे कधी फेकायचे याचा गणिती नियमच निघाला, त्याला विरोधही झाला आणि तो विरोध मला पटतो, कारण कुठला आकडा खोटा हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही, धक्क्यावर उभं राहावं लागतं. १९६४ ला मधला मार्ग आला, छोट्या चुकीचा वर्ग करायचा, मोठीला साधंच वजन द्यायचं. १९७९ पासून तुकड्यातुकड्याने रेघ बसवणंही रुळलं, आता तर कॉम्प्युटर हे क्षणात करतो.

नॉइज, म्हणजे निरर्थक चढउतार, हा शब्द मात्र अजून घोळ घालतो. भरतीचा कर्व्ह म्हणजे १२.४२ तासांची मुख्य लाट आणि तिच्यासोबत इतर लाटा, त्या वजा केल्यावर उरतं ते नॉइज असं बिनधास्त लिहितात. पण ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरला चक्रीवादळ धडकलं, तशा दिवशी वाऱ्याने चढलेलं पाणी याच उरलेल्यात असतं आणि घरात शिरतं तेही तेच. म्हणून मी वहीत ट्रॉलरचं रीडिंगसुद्धा खोडलं नाही, शेजारी वेळ आणि कारण लिहून ठेवलंय.