पाणवनस्पतींवर अतिनील किरणांचा परिणाम : शालेय प्रकल्पासाठी माहितीपत्रक

प्रकल्पासाठी आमच्याकडे पाणवनस्पती घ्यायला येणारे पालक बहुधा सोबत ‘यूव्हीचा’ म्हणजे अतिनील किरणांचा दिवाही मागतात. मत्स्यटाकीचे पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही-सी दिवा आम्ही या कामासाठी देत नाही. सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण सोडणारा हा दिवा बंद नळीत बसवण्यासाठीच असतो. तो उघडा लावला तर थोड्याच वेळात डोळ्यांना आणि त्वचेला इजा होते. शिवाय सूर्याकडून येणारे यूव्ही-सी किरण वातावरणातच शोषले जात असल्यामुळे, या दिव्याखाली पाने पांढरी पडली तरी तळ्यातल्या वनस्पतीचे उन्हात काय होते, हे त्यावरून समजत नाही.

जमिनीपर्यंत पोहोचतात ते यूव्ही-ए (३१५ ते ४०० नॅनोमीटर) आणि थोडेसे यूव्ही-बी (२८० ते ३१५ नॅनोमीटर) किरण. त्यामुळे दिव्याचा खर्च न करता गच्चीतले ऊन वापरावे आणि सगळी काळजी झाकणाच्या निवडीत घ्यावी, असे आमचे मत आहे. साध्या पातळ पॉलिथिनमधून अतिनील किरण बरेचसे आत जातात, तर पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट ते जवळजवळ पूर्ण अडवते. हरितगृहाच्या प्लास्टिकमध्ये अतिनील रोधक मिसळलेले असते, म्हणून ते घेऊ नये. खिडकीची काच यूव्ही-बी अडवते, पण यूव्ही-ए बरेचसे सोडते. त्यामुळे बंद खिडकीत ठेवलेला प्रयोग अर्धवट राहतो.

वनस्पती म्हणून आम्ही लेम्ना सुचवतो. डबक्यावर तरंगणाऱ्या या हिरव्या टिकल्या मोजता येतात, हाच तिचा मोठा गुण. बारकाईने पाहिल्यास जुन्या टिकलीच्या कडेतून नवी टिकली डोकावताना दिसते. भिंगातून दिसेल तेवढी प्रत्येक टिकली मोजावी आणि हाच नियम शेवटच्या दिवसापर्यंत पाळावा. रात्रभर उघडे ठेवलेले नळाचे पाणी सहा सारख्या वाट्यांमध्ये घेऊन प्रत्येकीत बारा टिकल्या सोडाव्यात. तीन वाट्यांवर पॉलिथिन, तीन वाट्यांवर पॉलिकार्बोनेट असावे, आणि हवा खेळण्यासाठी झाकण थोडे वर उचललेले असावे.

खरी अडचण उष्णतेची असते. उथळ वाटीतले पाणी उन्हात लवकर तापते, आणि मग वनस्पती किरणांनी कोमेजली की गरम पाण्याने, हे सांगता येत नाही. सहाही वाट्या पाण्याने भरलेल्या एकाच परातीत ठेवाव्यात, दोन्ही झाकणांखालच्या पाण्याचे तापमान नोंदवावे, आणि आटलेले पाणी पेन्सिलच्या खुणेपर्यंत रोज भरावे. पॉलिकार्बोनेट दृश्य प्रकाशही किंचित अडवते; मोबाइलच्या प्रकाशमापक ॲपने दोन्ही झाकणांखाली मोजून फरक वहीत लिहावा, तो लपवू नये.

सात दिवस रोज एकाच वेळी मोजणी करावी आणि फोटो घ्यावा. संख्येइतकाच रंगही पाहावा, कारण अतिनील किरणांमुळे हरितद्रव्य कमी होऊन टिकल्या फिकट पडू शकतात. वनस्पतींमध्ये हे किरण शोषणारी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये तयार होतात आणि डीएनएची झालेली मोडतोड दुरुस्त करण्याची यंत्रणाही असते, त्यामुळे फरक अगदी थोडा दिसणे किंवा मुळीच न दिसणे शक्य आहे. तसे झाल्यास आकडे आहेत तसेच मांडावेत; मुलांनी आकडे ‘सुधारू’ नयेत, ही पालकांना आमची कळकळीची विनंती आहे.

प्रयोग संपल्यावर लेम्ना नाल्यात, विहिरीत किंवा तळ्यात टाकू नये. ती झपाट्याने पसरून पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकते. पूर्ण वाळवून ती कुंडीतल्या मातीत मिसळावी.