ॲनिमेशन प्रोग्रॅमिंगमधील यादी

पडद्यावरची अनेक पात्रे किंवा वस्तू एका नावाखाली क्रमाने नोंदवून त्या सगळ्यांना एकाच सूचनेने हलवण्याची सोय म्हणजे यादी किंवा लिस्ट. नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या ‘ॲलिस’ या त्रिमितीय ॲनिमेशन प्रणालीत तिचा उपयोग फार छान कळतो. संगणकशास्त्रज्ञ रँडी पॉश यांच्या नेतृत्वाखाली ॲलिसचे काम व्हर्जिनिया विद्यापीठात सुरू झाले आणि १९९७ मध्ये त्यांच्याबरोबर कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले. ॲलिस २ मध्ये सूचना टाइप कराव्या लागत नाहीत. त्यांच्या टाइल्स माउसने ओढून एकाखाली एक लावायच्या.

समजा, बर्फावर पाच पेंग्विन उभे आहेत आणि प्रत्येकाने एक मीटर उडी मारायची आहे. यादी नसेल तर ‘वर जा, खाली ये’ ही जोडी पाच वेळा मांडावी लागते आणि उडीची उंची बदलायची म्हटली की दहा ठिकाणी आकडे बदलत बसावे लागते. यादी केली की ती जोडी लूपमध्ये, म्हणजे त्याच सूचना यादीतल्या प्रत्येकासाठी चालवणाऱ्या रचनेत, एकदाच लिहायची. सहावा पेंग्विन आला तर त्याचे नाव यादीत घालायचे. सूचनांना हातही लावावा लागत नाही. काय करायचे आणि कोणी करायचे, या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. प्रोग्रॅमिंगमधली ही फार मोलाची सवय आहे आणि ती इतक्या लवकर लागते, हे यादीचे मोठेच श्रेय.

यादीवर चालणारे लूप दोन: ‘फॉर ऑल इन ऑर्डर’ आणि ‘फॉर ऑल टुगेदर’. ॲलिसमध्ये हालचालीच्या सूचनेला मुळात एक सेकंद लागतो, म्हणजे एका उडीला दोन सेकंद. पहिल्या लूपमध्ये पेंग्विन एकामागून एक उडी मारतात आणि खेळ दहा सेकंद चालतो. दुसऱ्यात पाचही जण एकदम उडी मारतात आणि दोन सेकंदांत सगळे संपते. क्रमवार आणि समांतर अंमलबजावणीतला फरक पुस्तकात वाचून सहजी पचत नाही. इथे तो डोळ्यांसमोर घडतो.

क्रम ठरतो तो यादीतल्या जागेवरून, पडद्यावरच्या जागेवरून नव्हे. मधला पेंग्विन आधी नोंदवला असेल तर उडीची लाट मधूनच सुरू होते. एकच पेंग्विन चुकून दोनदा नोंदला गेला, तर क्रमवार लूपमध्ये त्याची पाळी दोनदा येते. यादीतून यदृच्छया एखादे पात्र निवडण्याचीही सोय आहे. बिळातून अचानक डोके काढणाऱ्या प्राण्याला टिपण्याचे खेळ तिच्यावरच उभे राहतात.

एक मर्यादा मात्र जाचते. ॲलिस २ च्या लूपला यादीतला घटक ‘कुठलीतरी वस्तू’ एवढाच कळतो. त्यामुळे सरकणे, वळणे अशा सर्वांना लागू असलेल्या सूचना चालतात, पण पेंग्विनसाठी मुद्दाम लिहिलेली ‘डुलत चाल’ ही मेथड (नाव देऊन बांधलेला सूचनांचा संच) त्याला सांगता येत नाही. ॲलिस ३ मध्ये यादीऐवजी ठरावीक प्रकारच्या घटकांचा ॲरे, म्हणजे एकाच प्रकारच्या घटकांची क्रमवार मांडणी, वापरतात आणि ही अडचण बरीचशी दूर होते.

नवशिक्यांसाठीच्याच ‘स्क्रॅच’ या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग प्रणालीमध्येही यादी आहे, पण तिच्यात आकडे आणि मजकूरच राहतो, पात्रे ठेवता येत नाहीत. तिथे समूहासाठी २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून क्लोन, म्हणजे एकाच पात्राच्या प्रती, वापरतात. प्रत्येक क्लोन आपापली सूचना स्वतंत्रपणे चालवतो. त्यांना ओळीने हलवायचे असेल, तर ‘फक्त या स्प्राइटसाठी’ (स्प्राइट म्हणजे पात्र) असलेल्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवण्याच्या नावाच्या जागेत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा लागतो.