सिमेंटने भिंतीला चुना लावला

ओळखीतल्या एका वाड्याच्या भिंतीला ओल आली. गवंडी म्हणाला, "चुन्याचं काम कच्चं, खरवडून सिमेंटचा गिलावा मारू." मारला. दोन पावसाळ्यांत पोपडे गळाले, आतल्या विटांचा भुगा पडू लागला. आता घरात 'पाडूनच टाकू'ची भाषा आहे.

चुन्याचा यात दोष नाही. जमिनीतली ओल विटांतून वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती सहज बाहेर पडते, सिमेंट तिला अडवतं. मग क्षार विटेतच साठतात आणि त्यांचे स्फटिक वाढताना वीट आतून फोडतात.

चुन्याचं रसायन मला फार आवडतं. 100 किलो शुद्ध चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली, की 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 किलो चुनकळी उरते. पाणी घातलं की ती वाफा टाकत विझते, कॅल्शियम हायड्रॉक्साइड होते. वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळून हा चुना भिंतीत गेला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, होतो. (भट्टीच्या जळणाचा धूर काही परत येत नाही.) दोन विटांमधला चुना ताजा फोडून त्यावर शाळेतलं फिनॉल्फथॅलीन टाका. गुलाबी झाला तर तो अजून कॅल्शियम हायड्रॉक्साइडच आहे. जाड भिंतीच्या पोटात हे काम वर्षानुवर्षं चालू असतं.

चुन्यात गूळ घालत, यावरून 'पूर्वजांचं गुप्त विज्ञान' असे फॉरवर्ड फिरतात. गुप्त काही नाही. साखरेच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो, इतकंच. हातात थापी धरणाऱ्यांना ते अनुभवाने कळलं होतं.

वाडा पाडून इमारत उभी करायची, तर सिमेंट लागणार. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा 7-8 टक्के आहे. नव्या इमारतीवर 'ग्रीन'चा बिल्ला लावून तो पुसला जात नाही. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात 1821 साली संस्कृत पाठशाळा भरू लागली. राहता वाडा शाळेला चालला, पाडावा लागला नाही. शिवाय चुन्यातली वीट सुटी करून, घासून पुन्हा लावता येते. सिमेंटमधली बहुतेकदा फुटते.

त्या वाड्यावरचं सिमेंट आता काढायचं ठरलं, तर चुन्याचा हात दिल्यावर काही दिवस भिंतीवर ओलं गोणपाट ठेवा. भिंत पार कोरडी पडली, तर कार्बन डायऑक्साइडला विरघळायला पाणीच मिळत नाही.