जाड प्लेट म्हणजे मजबूत ब्रॅकेट?
सुपरचार्जरला (इंजिनात जास्त हवा कोंबणारा, बेल्टवर चालणारा पंप) घरी ब्रॅकेट, म्हणजे तो धरून ठेवणारा आधार, बनवायचाय तर 12 एमएमची प्लेट घ्या, बेल्ट पुलीवरून उडणारच नाही, हे कित्येक वर्षं फिरतंय पण अर्धवट आहे. जाडी दुप्पट केली की प्लेट आठपट कमी वाकते हे खरंच, पण बोल्टपासून पुली दुप्पट लांब लटकवली की तेवढाच फायदा पाण्यात, म्हणून तिरका आधार दिलेला अन् लांब लांबच्या तीन बोल्टवर बसवलेला पातळ ब्रॅकेटही बरेचदा जास्त ताठ निघतो. आणि पुल्याच एका रेषेत नसतील तर जाडी काय करणार! ब्रॅकेट इंजिनलाच लावा, बॉडीला नको, इंजिन रबर माउंटवर हलत असतं. 6061-टी6 (उष्णता देऊन कडक केलेलं) अ‍ॅल्युमिनियम वेल्ड केलं तर जोडाजवळ बऱ्यापैकी मऊ पडतं, तेही धरा.