लेन्समधला बुडबुडा आणि फोटोवरचा ठिपका

‘जुन्या जर्मन कॅमेऱ्याच्या लेन्सच्या काचेत बुडबुडा दिसला की लेन्स बाद, प्रत्येक फोटोत ठिपका येणार,’ असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटण्यासारखा वाटतो, पण खरा नाही.

समोरच्या वस्तूच्या एकेका बिंदूपासून निघालेला प्रकाश लेन्सच्या सगळ्या उघड्या भागातून येऊन फिल्मवर पुन्हा एका बिंदूत मिळतो. बुडबुडा त्यातला किंचित प्रकाश अडवतो किंवा विखुरतो, स्वतःची आकृती उमटवत नाही. १९५०च्या दशकातल्या रोलायफ्लेक्स या जर्मन कॅमेऱ्याची ७५ मिमी एफ/३.५ टेसार लेन्स घ्या. पूर्ण उघडी असताना तिच्या उघड्या भागाचा व्यास ७५ भागिले ३.५, म्हणजे सुमारे २१ मिमी. अर्धा मिमीचा बुडबुडा त्यातला जेमतेम अठराशेवा भाग झाकतो! त्या काळी काही खास काचा वितळवताना असे बुडबुडे राहूनच जात.

स्वतः पाहायचं असेल तर साध्या फिल्टरवर मिलिमीटरभर काळा कागद चिकटवा, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा. ठिपका शोधून सापडणार नाही.

जुना कॅमेरा विकत घेताना बघायची ती लेन्समधली बुरशी. मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहील असं) धरून टॉर्च मारा. बुडबुडा गोल, स्वच्छ कडेचा दिसतो. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, आणि जास्त पसरली की फोटो खरोखर धुरकट करते.